मास्तरांना अंगारा लागू पडला

दर मंगळवारी राहनाळच्या चिंधू भगताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कामगार शिफ्ट संपवून येत, बाया अंगाला खाज सुटलेली पोरं घेऊन येत. भगत सगळ्यांना त्यांनीच आणलेल्या एका केळ्यात घालून एकच अंगारा देई आणि बाकीची केळी ठेवून घेई. तासाभरात खाज थांबे आणि माणूस गाढ झोपे. "बाधा झोपली रं!" भगत ओरडे. "आता ती उठायची न्हाय!"

या गर्दीची सुरुवात सावळाराम मास्तरांच्याच घरातून झाली होती, आणि ते त्यांना फार झोंबत होतं. त्यांच्या बायकोला, तुळजाला, मुतखड्याचा त्रास. ठाण्याच्या एका दवाखान्यात शिरेत औषध टोचून तिचा एक्स-रे काढला, तेव्हा अंगभर गांधी उठल्या आणि घसा आवळला. डॉक्टरांनी धावपळ करून तिला सावरलं आणि सोबत आलेल्या तिच्या सासूला, ठकुबाईंना, सांगितलं, "औषधाची बाधा झाली." ठकुबाईंनी त्यातली 'बाधा' तेवढी उचलली. घरी पुन्हा खाज सुटताच त्यांनी सुनेला थेट भगताकडे नेलं. अंगाऱ्यानं खाज थांबली आणि गावभर बोभाटा झाला. मास्तर त्या दिवशी शाळातपासणीत अडकले होते. नंतर तुळजा सांगू लागली, "अहो, सुई टोचली तेव्हाच..." मास्तरांनी तिला गप्प केलं. विज्ञानाच्या सुईनं कुणाला बाधा होते का?

आता ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी पुन्हा तसाच एक्स-रे काढायचा होता. भगतानं तुळजाच्या दंडाला ताईत बांधून बजावलं, "डाक्टरनं बाधेचं इचारलं तर न्हाय म्हन. नाव काढलंस का ती परत आलीच."

त्या मंगळवारी मास्तरही बायकोबरोबर अंगणात आले होते आणि संधीच शोधत होते. ताडकन उठले, मूठभर अंगारा तोंडात टाकला आणि गरजले, "बंधूंनो, ही नुसती राख आहे! बघा मला काय होतं ते!" मग भाषण सुरू झालं. मास्तरांचं भाषण म्हणजे तासाची निश्चिंती. जीभ कडूजहर झाली होती, पण बोलण्याच्या भरात लक्ष कुणाचं? "बाधा नावाची गोष्ट या जगात..." इथवर ते आले आणि त्यांना जांभई आली. 'नाही' हा शब्द काही बाहेर पडला नाही. मास्तर खांबाला टेकले आणि घोरू लागले.

जाग आली तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि अंगणात दुप्पट गर्दी.

दोन दिवसांनी भिवंडीत एक्स-रे काढणाऱ्या डॉक्टर शमीमबाईंच्या खोलीत तुळजा टेबलावर पडली होती. बाईंनी सुई भरली आणि विचारलं, "पूर्वी कुठल्या औषधाची बाधा झाली होती का?"

तुळजानं ताईत चाचपला आणि तोंड मिटून घेतलं.

"छे!" मास्तर छाती काढून म्हणाले. "बाधाबिधा आम्ही मानतच नाही."

बाईंनी तुळजाचा हात पुसायला घेतला. पण मास्तरांना गप्प बसवेल तर शपथ. "बाई, एक शंका आहे. राखेनं झोप कशी लागते हो? त्या भगताच्या अंगाऱ्यानं माझी फजिती झाली."

"कडू होती का?"

"भयंकर!"

"आणि लोकांची खाज थांबते?" मास्तरांनी मान डोलावताच बाई हसल्या. "अहो मास्तर, ती खाजेची गोळी! कुटून राखेत मिसळतो तो. तिनं झोप येतेच." मग एकदम थबकून त्यांनी विचारलं, "पण तुम्ही भगताकडे गेलात कशाला? घरात खाज कुणाला सुटली होती?"

मास्तर तुळजाकडे बघू लागले. ती रडत होती. "मला. अशीच सुई टोचल्यावर. घसा बंद झालेला. यांना सांगत होते मी."

बाईंनी सुई खाली ठेवली. "मास्तर, भुताची बाधा नसते, औषधाची असते. ॲलर्जी म्हणतात तिला. हे औषध पुन्हा दिलं असतं तर कदाचित हिचा श्वास थांबला असता. आणि तुम्ही मला 'छे' म्हणालात!"

भगतानं तुळजाचं तोंड भीतीनं बंद केलं होतं आणि मास्तरांनी हुशारीनं. दोघांत फरक एवढाच की भगताला निदान केळी तरी मिळत होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

खडा सुई न टोचता काढलेल्या साध्या एक्स-रेतही दिसला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं आधी सांगितलं आणि ऑपरेशन नीट पार पडलं.

पुढच्याच महिन्यात, एका मंगळवारी, मास्तरांनी भगताच्या अंगणात सगळ्यांदेखत तीच खाजेची गोळी कुटली, चुलीतल्या राखेत मिसळली आणि ज्याला त्याला चाटवली. "केळ्यातबी असाच कडू लागायचा! ह्यो तर आपलाच अंगारा!" लोक ओरडले. भगत मागच्या दारानं कधी सटकला ते कुणाला कळलंही नाही. मास्तर घसा खाकरून भाषणाला उभे राहणार, तोच तुळजा उठली.

"आयांनो, बायांनो, आपल्या अंगाला काय सोसत नाही ते आपल्याला ठाऊक असतं. त्या औषधाचं नाव डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या आणि सुई टोचायच्या आधी दाखवा. भगत गप्प करील, घरचा शहाणाही गप्प करील. तुम्ही गप्प बसू नका."

त्या अंगणात इतकं छोटं आणि इतकं शहाणपणाचं भाषण कधी झालं नव्हतं. मास्तर मुकाट्यानं खाली बसले आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच टाळ्या वाजवल्या.