मलाखीच्या पानातला धागा

“टोक ओढायचं नाही, सरोज. पान उघडायचं आणि बोट धाग्यावरून पुढं न्यायचं. घाई नाही करायची...” बाबांचा आवाज बारीक, धाप लागली की मध्येच तुटणारा. बाबा जाऊन आठ वर्षं झाली, तरी तिचं बोट आजही त्या आवाजापाशी थबकलं आणि मगच पानावर टेकलं. धागा एके काळी तांबडा होता. आईच्या जुन्या लुगड्याच्या काठातून बाबांनी हे सगळे दोरे उसवून काढले होते. आता त्यांचा रंग पाण्यात भिजून भिजून फिकटलेल्या विटेसारखा झाला होता.

बाबा, म्हणजे उपदेशक विश्राम, कल्याणच्या आसपासची गावं पायी हिंडत आणि संध्याकाळी कंदिलाशी बसून बायबलच्या पानापानांत हे धागे घालत. प्रत्येक धाग्याचं एक टोक जुन्या संदेष्ट्याच्या पानात, दुसरं शुभवर्तमानाच्या. मीखानं म्हणून ठेवलं, इस्राएलचा अधिपती बेथलेहेमातून निघेल – धागा धरून पुढं जावं तर तिथं मत्तयाच्या पानावर बाळ जन्मलेलं. जखऱ्यानं पाहिला गाढवावर बसून येणारा नम्र राजा – धाग्याच्या दुसऱ्या टोकाला यरुशलेमची वेस आणि झावळ्या. दाविदाच्या स्तोत्रातला तो माणूस, ज्याच्या वस्त्रावर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या... लहानपणी सरोजला वाटायचं, देवानंच हे पुस्तक असं शिवून पाठवलंय.

सकाळी आंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, रोज एक धागा – हा तिचा नेम. बाबांच्या मातीनंतर चौथ्या दिवशी सुरू झाला तो. त्या सकाळी उठवतच नव्हतं, छातीवर काहीतरी बसलेलं. तिनं सहज हाताला आलेला धागा उघडला, वाचला, आणि चूल पेटवायला उठू शकली. दुसऱ्या दिवशी दुसरा. अशीच ती उभी राहिली... ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही. किती वेळा तिनं मनातल्या मनात प्रभूचे आभार मानले होते – ह्या धाग्यांनी मला धरून ठेवलं म्हणून.

“आज कोण आलंय, यशया का मीखा?” तिच्या नवऱ्यानं, दौलतनं, डबा उचलता उचलता विचारलं होतं. मोहने गावच्या रेयॉनच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायच्या आधी तो रोज असंच विचारी, जणू घरात पाहुणा उतरलाय.

“मलाखी.”

“म्हणजे शेवटचा. उद्यापासून पुन्हा पहिल्यापासून,” असं म्हणून तो गेला. कारखान्यातला चकचकीत नवा दोरा आणून देतो, हे फाटायला आलेत, असं त्यानं एकदा सुचवून पाहिलं होतं. तिनं पुस्तक मिटून जवळ ओढलं होतं, आणि तो समजला होता.

मलाखी शेवटचा. आणि त्याचा धागा... इतर सगळ्या धाग्यांना दोन्ही टोकं पानांत होती, ह्या एकाचं टोक बाहेर लोंबत होतं. मलाखी म्हणतो, प्रभूचा दिवस येण्याआधी एक जण येईल, तो बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची मनं बापांकडे वळवील. ह्याचं दुसरं टोक कुठं हवं, ते सरोजला पाठ होतं. लूकच्या पहिल्याच पानावर, जिथं दूत म्हाताऱ्या याजकाला सांगतो की तुला होणारा मुलगाच पुढं जाऊन हे करील, वाट तयार करील. दर खेपेला ती लूक स्वतः उघडून वाची. टोक मात्र तिनं कधी आत सरकवलं नाही. बाबांच्या उशाखालून पुस्तक काढताना माझ्याच हातून सुटलं असेल ते... असं तिला वाटायचं, आणि वाटलं की ती घाईनं पुस्तक मिटायची.

कारण बाबांनी उशाखालून पुस्तक काढायला सांगितलं, ते तिला द्यायचं म्हणून नव्हे.

“तानाजीला दे. वाद घालू नकोस. नुसतं दे.” हे बाबांचं तिच्याशी शेवटचं बोलणं. आणि ती म्हणाली होती, “देते बाबा.” खोलीत तिसरं कुणी नव्हतं. दौलतलाही माहीत नव्हतं.

तानाजी तिचा धाकटा भाऊ. बाबांच्या जाण्याआधी दोन वर्षं, ह्याच पुस्तकावरून तो घर सोडून ठाण्याला गेला. जेवताना सहज बोलला होता खरं तर – पुढचं लिहिणाऱ्यांनी मागचं पान समोर ठेवून लिहिलं असेल तर जुळणारच की, बाबा. बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, हे माझ्या घरात नाही बोलायचं. तानाजी ताटावरून उठला तो उठलाच. मातीला आला, दफनभूमीच्या फाटकाशी उभा राहिला, आणि कुणाशी न बोलता परत गेला. सरोजनं ठरवलं, तिसरा दिवस झाला की देऊ. मग नेम सुरू झाला. मग वाटलं, चाळीस दिवस होऊ देत... मग वाटलं, तो काय करणार घेऊन, त्याचा विश्वास तरी आहे का. आठ वर्षं ती रोज सकाळी, देवानं सातशे वर्षांनी शब्द कसा पाळला ते वाचत होती – जे पुस्तक मी दिलं नाही, त्याच पुस्तकातून.

परवा हेमाचं कार्ड आलं. हेमा तानाजीची बायको. तिनं बाबांना कधी पाहिलंच नव्हतं. मुलगा दोन महिन्यांचा झाला, बाळसं धरतोय, वगैरे. आणि खाली बारीक अक्षरात, जागा उरली म्हणून लिहावं तसं – ह्यांना न सांगता लिहितेय, वन्सं. बाळाला निजवताना हे डोळे मिटून एकच गाणं गुणगुणतात, एका ओळीत मध्येच थांबतात आणि तीच ओळ पुन्हा घेतात. विचारलं तर म्हणाले, बाबांचं आहे. घरात मामंजींची एकही वस्तू नाही. काही असलं तर द्याल का?

काल सरोजनं हेमाला द्यायला चष्मा काढून ठेवला होता. बाबांचा, एक काडी दोऱ्यानं बांधलेला. चष्मा काय वाईट आहे? रोज नाकावर असायचा. रुमालात गुंडाळताना तिला हलकंही वाटलं होतं.

दार ढकलून शेजारच्या उत्तराकाकू आत आल्या, विरजण मागायला. काकूंचा ह्या चातुर्मासात लाख फुलांचा नेम चालला होता, बोटं पिवळी झालेली. भांडं पुढं करून त्या तिथंच टेकल्या आणि सांगू लागल्या, की काल फुलं कमी पडली, तेव्हा कोपऱ्यावरच्या पेन्शनर गृहस्थांच्या कुंपणातून अंधारात ओंजळभर तोडून आणली. नेम मोडायला नको ना. आज सकाळी त्या गृहस्थांनी स्वतः परडी भरून दारात आणून ठेवली. म्हणाले, मागितली असती तरी दिली असती, वहिनी.

“देव काही बोलला नाही गं,” काकू हसल्या, मग हसू जरा ओसरलं. “पण पूजा करताना आज माझंच लक्ष लागेना. कुणाची फुलं वाहतेय मी, असं झालं बघ.”

सरोजनं विरजण दिलं. काकू गेल्यावर त्या टेकल्या होत्या तिथं पडलेली पिवळी पाकळी ती बराच वेळ बघत बसली.

मध्येच थांबतात... तीच ओळ पुन्हा घेतात. हेमाला ते नवल वाटलं. सरोजला वाचताक्षणी कळलं होतं: तिथं बाबांना धाप लागायची. तानाजीला धाप नाही. थांबणं मात्र आहे. हेमाला ऐकू येत होतं, पण ओळखता येत नव्हतं, कारण तिनं आधी ऐकलेलं नव्हतं. आणि मला... येशूच्या शिष्यांचंही असंच झालं असेल का? राजा गाढवावरून येत होता तेव्हा ते नुसते चालत होते. मागाहून आठवलं, अरे, हे तर आपण ऐकलेलं, लहानपणापासून ऐकलेलं. वधस्तंभाखाली चिठ्ठ्या टाकणाऱ्या शिपायांनी कुठं स्तोत्र वाचलं होतं? तानाजीला हे सांगायला हवं होतं, असं किती वर्षं तिच्या मनात होतं. आता वाटलं, नको. वाद घालू नकोस, म्हणाले होते बाबा.

आणि ते टोक... सुटलं असेल, किंवा मुलगा ताटावरून उठल्यानंतर कधीतरी, कंदिलापाशी एकट्यानं बसून, बापाचं मन अजून मुलाकडे वळायचंय म्हणून बाबांनीच ते लूकमधून काढून बाहेर ठेवलं असेल. विचारणार कुणाला? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं – आठ वर्षं मी परकं अन्न खाल्लं, आणि प्रभू, तू ते मला पचू दिलंस, बळ दिलंस त्यातून. उगाच का दिलं असशील?

उद्या सकाळी पुस्तक नसेल, मग काय? तिनं डोळे मिटून पाहिलं. बेथलेहेम आलं, गाढव आलं, कातरणाऱ्यापुढं गप्प राहिलेलं मेंढरू आलं, कुंभाराचं शेत आलं... मग अडखळली. पुढचा कुठला? आठवेना. तशीच ती उठली.

बाबांच्या उपरण्यात तिनं पुस्तक बांधलं. चष्माही ठेवला, वर. टोक बाहेर राहिलं होतं. आत सरकवायला गेलेलं बोट तिनं मागं घेतलं.

कुलूप लावून किल्ली काकूंकडे दिली. हे आले तर सांगा, भावाकडे गेलेय ठाण्याला, दिवेलागणीपर्यंत येते. काकूंनी बोचक्याकडे पाहिलं आणि किल्ली पदराला बांधली.

जिना उतरताना बोचकं तिनं छातीशी धरलं होतं. पुस्तक जड होतं. रोज मांडीवर घ्यायची तेव्हा इतकं कधी जाणवलं नव्हतं. तानाजी दार उघडेल, की हेमा? तो हात पुढं करील का? नाही केला तर... आतून धडधडत होतं, आणि त्या धडधडण्याखाली, खूप खाली, एक संथ ओळ चालली होती. फाटकापाशी तिच्या लक्षात आलं की ती गुणगुणतेय, आणि मध्येच, नेमकी तिथंच, थांबलीय. धाग्याचं टोक वाऱ्यानं मनगटाला लागत होतं. तिनं श्वास घेतला, तीच ओळ पुन्हा धरली, आणि रस्त्याला लागली.