अडीच तासांची दिल्ली

मी एक जुनी अँबॅसडर गाडी आहे, मित्रांनो, आणि विमानाचे कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

चौसष्ट साली चिंचवडच्या एका कंपनीने मला नवीकोरी विकत घेतली. मुकुंदराव गानू तिथले मोठे साहेब आणि रहाटणीचे सोपानराव माझे ड्रायव्हर. सोपानराव मला रोज पुसत, तेलपाणी बघत. साहेबांना लोहगावच्या विमानतळावर पोचवणे हे आमचे मुख्य काम.

साहेबांचा एक लाडका हिशेब होता. पुणे-मुंबई अर्धा तास, मुंबई-दिल्ली दोन तास, म्हणजे दिल्ली अडीच तासांवर. त्यात चिंचवड ते लोहगाव हा रस्ता कधीच नसे. दापोडीचा पूल, खडकीच्या बैलगाड्या, रेल्वेचे फाटक हे सारे जणू मी उडून ओलांडत होते!

चौऱ्याहत्तर साली दिल्लीहून तार आली. साहेबांची मुलगी अरुंधती बाळंतपणात अत्यवस्थ होती. दुपारच्या विमानाची तिकिटे मिळाली. साहेबांच्या पत्नी सुहासिनीबाई पिशवी घेऊन माझ्यात येऊन बसल्या. साहेब मात्र ऑफिसात फोनवर बोलतच होते.

"अहो, निघू या ना," बाईंनी दोनदा निरोप धाडला.

"अगं, अडीच तासांत दिल्लीत असू. घाबरतेस काय?" साहेब येता येता म्हणाले.

वाटेत फाटक बंद मिळाले. आम्ही लोहगावला पोचलो, तेव्हा विमान आमच्या डोक्यावरून निघून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत बाई बघत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "सोपानराव, मुंबईहून रात्रीचं विमान गाठता येईल?"

"व्हय, बाईसाहेब. घाटात ब्रेक तापत्याल, पर न्हाई म्हनायचा न्हाई मी."

"ही गाडी? आणि एवढ्या लांब?" साहेब म्हणाले.

"तुम्ही मागे बसा. आणि आता कृपा करून तास सांगू नका," बाई म्हणाल्या.

आम्ही आलो तसेच मागे फिरलो आणि कंपनीच्या फाटकावरूनच मुंबईकडे निघालो. सकाळी इथूनच सरळ निघालो असतो, तर एव्हाना घाट उतरलो असतो! मला असा संताप आला होता! बोरघाटात माझ्या ब्रेकना जळका वास सुटला. सोपानरावांनी मला पहिल्या गिअरमध्ये इंचाइंचाने खाली आणले. सांताक्रूझच्या विमानतळावर बाई पदर खोचून अक्षरशः धावत आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी ट्रंककॉल आला. आईचे रक्त लेकीला जुळले होते. अरुंधती वाचली, बाळही सुखरूप होते. सोपानराव माझ्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

आणि परतल्यावर साहेब कँटीनमध्ये काय सांगत होते? "विमान होतं म्हणून पोर वाचली. अडीच तासांत दिल्ली!"

घाटात जळलेल्या माझ्या ब्रेकचे नावही नाही!

पुढे सोपानराव निवृत्त झाले. कंपनीने नवी गाडी घेतली. गेली दोन वर्षे मी कँटीनमागे भंगारात उभी आहे. टायर बसले आहेत, काचेवर कोणीतरी फडकी वाळत घालते.

मित्रांनो, विमान दिसले की खुशाल हात हलवा. पण तुम्हाला त्याच्या दारापर्यंत नेणाऱ्या चाकांत हवा भरा, त्यांना तेल-वंगण द्या. आणि आई दारात तयार होऊन बसली असेल, तर हातातला फोन खाली ठेवा.