कातळाच्या पोटात

शाहूपुरीच्या जरीनाबी इटलीत नोकरी करणाऱ्या लेकीकडं, मदिहाकडं गेल्या होत्या. डोंगरावरच्या एका छोट्या गावाखाली कातळात कोरलेली, गुहेसारखी जुनी थडगी होती. ती बघायला मदिहा आत शिरली आणि पाठोपाठ दगड कोसळल्याचा आवाज आला.

बाहेर थांबलेल्या जरीनाबी तोंडाशी धावल्या. लेकीला हाका मारल्या. वाटेनं एक गोरी म्हातारी येत होती. तिची भाषा येत नव्हती, तरी जरीनाबी गुहेकडं बोट करून ओरडल्या, "अवो बाई, माझी पोरगी आत हाय की!"

म्हातारीनं त्यांचा हात धरला आणि कातळाला वळसा घालून पलीकडं नेलं. तिथल्या दुसऱ्या तोंडातून धुळीनं माखलेली मदिहा रांगत बाहेर येत होती.

"अम्मी, मागची वाट बुजली," ती म्हणाली.

जरीनाबींनी तिला घट्ट धरलं. मग पदरानं तिच्या तोंडावरची धूळ पुसू लागल्या.