बाजूची सीट

छोटेलालनं वही बोनेटवर ठेवली आणि पुढच्या सात दिवसांच्या सगळ्या रकान्यांवर बोट फिरवलं. "इथं, इथं आन् इथं. सही करून ठेवा ताई. रोज रोज वही कोन आनन?"

चंद्रकांतानं सात सह्या केल्या.

नवेगाव बांधच्या तलावातली मासोळी विकणाऱ्या अकरा बायकांचा हा गट. योजनेतून त्यांना माल नेणारा लहान टेम्पो, छोटा हत्ती, मिळाला होता. अट एकच होती : गाडी चालवणाऱ्या बाईनं शिकवणाऱ्याला बाजूला बसवून तीस तास चालवायचं, तास वहीत लिहायचे, दोघांनी सही करायची. मगच पक्क्या लायसनची परीक्षा आणि मगच गाडी गटाच्या नावावर. चंद्रकांता आणि रेणू अशा दोघी शिकत होत्या.

शिकवणारा छोटेलाल पहिले अकरा दिवस बाजूला बसला. मग चौकातल्या पानठेल्यावर उतरू लागला. "तलावाच्या पाळीवरून एक चक्कर मारून या. मी इथंच आहे." चंद्रकांताला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर रिकाम्या सीटशेजारी बसून गाडी चालवणं तिला आवडायला लागलं होतं. कोणी ओरडत नव्हतं, कोणी तिच्या हातावर हात ठेवून स्टेअरिंग फिरवत नव्हतं.

गुरुवारी सकाळी गटाची अध्यक्ष रुख्माबाई दोन क्रेट घेऊन मागं चढली. पाळीच्या वळणावर समोरून म्हशी आल्या. चंद्रकांतानं गाडी मागं घेतली. ती फक्त दोनदाच रिव्हर्स शिकली होती. मागचं चाक पाळीवरून घसरलं, गाडी खालच्या धानाच्या बांधीकडं कलली आणि रुख्माबाई क्रेटसकट खाली गेली. उजवा हात मोडला, कपाळाला खोक पडली.

माणसं धावत आली. त्यात छोटेलालही होता. गाडीचं दार धरून तो असा उभा राहिला, जणू आत्ताच तिच्यातून उतरला होता.

अर्जुनीच्या दवाखान्यात रुख्माबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, "छोटेलाल गाडीत नव्हता. मांगच्या काचेतून मी पाहिलं. सीट रिकामी होती."

"मौसीच्या डोक्याले मार लागला," छोटेलाल शांतपणे म्हणाला. "वही में देखो. गुरुवार, आठ ते नऊ. माही सही आहे, चंद्रकांताताईची बी आहे."

सगळ्यांनी चंद्रकांताकडं पाहिलं. ती खाली बघत राहिली.

त्या दिवसापासून तिला घरात बसवेना आणि बाहेर पडवेना. शुक्रवारी सकाळीच रेणू आली. "सोमवारी योजनेच्या मॅडम चौकशीले येऊन राहिल्या. होय म्हन, इतकंच. तू नाही म्हटलं का गाडी वापस जाते. माहे तास बी जातेत."

"तुहे तास खरे आहेत का?"

"अर्धे," रेणू म्हणाली. "मंग? अर्धे तं खरे आहेत न."

दुपारी छोटेलालचा फोन. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "ताई, मेरा लायसन जाएगा. आन् तुमी एकट्या चालवत होत्या, हे बी निंगनच. पोलीस पहिले तुमालेच इचारतीन."

त्याचं खरंच होतं. चंद्रकांता सारखा तोच हिशेब लावायची आणि प्रत्येक वेळी तिथंच येऊन अडायची. खरं बोललं तर गाडी जाते, रेणू जाते, छोटेलाल जातो, ती स्वतः अडकते. खोटं बोललं तर कोणाचंच काही जात नाही. फक्त रुख्माबाई भ्रमिष्ट ठरते.

रविवारी ती पेज घेऊन रुख्माबाईकडं गेली. म्हातारी खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तिनं भांड्याकडं पाहिलंही नाही.

"चंद्रकांता, एक सांग. छोटेलाल होता का वो गाडीत?"

चंद्रकांता पेजेच्या भांड्यावरचं झाकण नीट करत राहिली.

"मले रिकामी सीटच दिसते डोळ्यापुढं. पन सारेच म्हनतेत का होता. कालपासून मी भांडे कुठं ठेवले तेबी दोनदा पाहून राहिली. डोस्क्यात काही झालं असन का माह्या?"

"तुमी आराम करा मावशी," एवढंच म्हणून ती बाहेर पडली.

सोमवारी ग्रामपंचायतीत मॅडमनी वही उघडली. छोटेलाल, रेणू, गटाच्या बायका, सगळे भिंतीला लागून बसले होते.

"ही सही तुमची?"

"होय."

"मग गुरुवारी हे बाजूला होते?"

"सही मंगळवारीच केली होती, मॅडम. साऱ्या आठवड्याची. गुरुवारी गाडीत मी आन् मावशी, दोघीच होतो. छोटेलालभाऊ ठेल्यावर होते." तिला वाटलं होतं, बोललं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. "वहीतले अकरा तास खरे आहेत. गुरुवारपर्यंतचे बाकीचे मी एकटीनं चालवले."

छोटेलाल उठून निघून गेला. मॅडमनी दोघींचे सगळे तास रद्द केले, अकरा खरे होते तेही. गाडी दुसऱ्या दिवशी टो करून नेली. चंद्रकांताचं शिकाऊ लायसन सहा महिने बंद झालं.

सोमवारीच संध्याकाळी ती रुख्माबाईला सांगायला गेली, तेव्हा म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग काल काऊन नाही सांगतलं? मी तोंडानं इचारलं होतं तुले."

"भेव वाटलं."

"आन् मले नसन वाटलं?" रुख्माबाईनं तोंड फिरवलं. "रातभर मी आपल्याच नातवायचे नावं घोकत होती, इसरली तं नाही म्हनून."

चंद्रकांता तिथंच उंबऱ्याशी बसून राहिली. कोणी जा म्हटलं नाही, कोणी आत ये म्हटलं नाही.

आता बायका पुन्हा टोपल्या घेऊन बसनं जातात. चंद्रकांता आपल्या टोपलीबरोबर रुख्माबाईचीही टोपली चढवते. रेणू बसच्या दुसऱ्या टोकाला बसते. गेल्या बुधवारी योजनेचं पत्र आलं : गटाची तयारी असेल तर पहिल्या तासापासून पुन्हा सुरू करा. बैठकीत सहा हात वर झाले, त्यात एक रुख्माबाईचा होता. रेणूनं हात वर केला नाही, पण बैठक संपेपर्यंत ती उठूनही गेली नाही.