टेबलाखालच्या दोन पट्ट्या

बाईंच्या हाताखाली एकशे चाळीस माणसं होती आणि त्यांतलं एक माणूस त्यांचा नवरा होता. एकशे एकोणचाळीस माणसं सांभाळणं त्यामानानं सोपं, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

शत्रूनं सोडलेलं क्षेपणास्त्र हवेतच गाठून पाडणारं दुसरं क्षेपणास्त्र तयार करायचं, हे त्यांच्या प्रकल्पाचं काम. नऊ वर्षं चाललं होतं. त्या क्षेपणास्त्राच्या टोकाशी एक काचेचा डोळा असतो. समोरून येणारी वस्तू त्यानं पाहायची आणि बाकीच्या धडानं निमूटपणे त्याच्या मागे जायचं. तो डोळा बाईंच्या विभागानं घडवला होता आणि तो ज्या धातूच्या बैठकीत घट्ट बसतो, ती बैठक नवऱ्याच्या विभागानं.

नवऱ्याला सगळी प्रयोगशाळा पाठीमागे ‘पाणसळ’ म्हणायची. गवंडी भिंतीवर ठेवतात ना ती, बुडबुड्याची. या गृहस्थाला तिरकं काही बघवत नसे. कुणाच्या खोलीत कॅलेंडर वाकडं दिसलं की बोलता बोलता हात तिकडे जायचा. एकदा मंत्र्यांच्या भेटीत त्यानं भाषण चालू असताना व्यासपीठावरची पाटी सरळ केली होती आणि तोच फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आला होता.

कामाच्या ठिकाणी तो बायकोला ‘बाई, आपण’ म्हणायचा. त्या अधिकारानं वरच्या होत्या आणि पाणसळ नियमाचा पक्का. घरी आल्यावर ‘अगं’ आणि ‘तू’. बाईंचं मात्र दोन्हीकडे ‘तुम्ही’च. प्रयोगशाळेच्या फाटकाबाहेर गाडी वळली की त्याचं ‘आपण’ संपायचं. सव्वीस वर्षं हा मामला बिनचूक चालला होता.

दुसरा नियम त्याहून कडक होता. घरी कामाचं अवाक्षर काढायचं नाही. त्या प्रयोगशाळेत ज्याला जेवढं लागतं तेवढंच कळायचं. मोबाइल फाटकावर ठेवायचा, कागदाचा कपटासुद्धा बाहेर न्यायचा नाही. दोघं वेगवेगळ्या विभागांत, तेव्हा घरात एकमेकांना काही सांगणं म्हणजे फितुरीच, असं लग्न झालं त्याच आठवड्यात ठरलं होतं. परगावी राहणारी मुलगी फोनवर विचारायची, “अगं आई, मग तुम्ही दोघं बोलता तरी काय?” बाई म्हणायच्या, “भांडतो. त्याला विषय लागत नाही.”

आणि तिसरा नियम खुद्द पाणसळानंच लिहिलेला. नोंदवहीच्या पहिल्या पानावर, त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात: ‘एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला तरी नोंद करावी. कारण लिहावे. सही करावी.’ नव्या माणसाला पहिल्या दिवशी हे पान मोठ्यानं वाचावं लागायचं.

तर अशा या माणसांची चाचणी फसली होती.

समुद्रावर चाचणी झाली. लक्ष्य ठरल्यासारखं आलं, क्षेपणास्त्र ठरल्यासारखं सुटलं आणि लक्ष्याच्या उजव्या अंगानं, जसं काही ओळखच नाही अशा थाटात, निघून गेलं. अंशाचा पाचवा भाग. एवढ्याशा फरकानं नऊ वर्षं पाण्यात गेली, अक्षरशः, कारण अवशेष समुद्राच्या तळाशी गेले. चौकशी समिती बसली. हाताशी फक्त आकडे होते.

तीन आठवडे बाई अर्ध्या जेवणावरून उठत होत्या. त्याला कारण होतं आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी, समुद्रकाठच्या प्रक्षेपण तळावर पोचल्यावर, त्यांनी सवयीनं डोळ्याची शेवटची तपासणी केली होती. डोळा डावीकडे कललेला दिसला, अंशाचा पाचवा भाग. बैठक वाकडी बसली, हे त्यांनी लगेच ओळखलं, म्हणजे तसं त्यांना वाटलं. बैठक कुणाची? नवऱ्याची. त्याच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. तेहतीस वर्षांत त्याच्या विभागावर एक ताशेरा नव्हता. नोंद करायची म्हणजे चाचणी पुढे ढकलायची, कारणाच्या रकान्यात ‘बैठकीतील दोष’ लिहायचं आणि ते पान घेऊन त्या माणसानं घरी जायचं. बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं आणि क्षेपणास्त्राच्या संगणकात एक आकडा भरला. डोळा डावीकडे पाहतो ना, मग त्याचं पाहणं तेवढंच उजवीकडे वळवून धरायचं. दोन मिनिटांचं काम. नोंद केली नाही. जन्मात पहिल्यांदा.

आणि क्षेपणास्त्र उजवीकडे गेलं. म्हणजे कल मुळात नव्हताच, आपल्यालाच तो दिसला, आपणच धडधाकट डोळा तिरळा केला, असा बाईंनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. सांगायचं रोज ठरवायच्या आणि रोज उद्यावर ढकलायच्या.

गुरुवारी दुपारी समितीचा मसुदा हातात पडला. ठपका तात्यांवर होता. तात्या म्हणजे प्रकल्पाचे सगळ्यात जुने फिटर. बैठकीचे शेवटचे बोल्ट त्यांनी आवळले होते, खाली त्यांची सही होती, बाकी कुणाची नव्हती. बोल्ट असमान आवळल्यानं डोळा कलला असावा, असं समितीचं मत. तात्यांना खालच्या जागेवर पाठवावं आणि प्रकल्प तूर्त बंद ठेवावा. शुक्रवारी सकाळी शेवटची बैठक.

बाई घरी आल्या त्या ठरवूनच, की उद्या उभं राहायचं आणि सांगून टाकायचं. पद जाईल तर जाईल. तात्यांकडे मान वर करून बघता तरी येईल.

काय बोलायचं ते नीट मांडावं म्हणून त्या जेवणाच्या टेबलाशी कोरा कागद घेऊन बसल्या. पेन्सिल खाली ठेवली तर ती घरंगळत भिंतीकडे गेली आणि पडली.

त्यांनी ती उचलली, परत ठेवली. परत भिंतीकडे.

हे टेबल त्यांच्या चांगल्या परिचयाचं होतं. एक पाय आखूड असल्यानं त्यावर ठेवलेली पेन्सिल कायम खिडकीकडे पळायची. रविवारी कंटाळून त्यांनीच, खाली वाकून न बघता, तो पाय जरा उचलून पुठ्ठ्याची घडी सारली होती. तेव्हापासून आज पहिल्यांदाच त्या इथे लिहायला बसत होत्या. मग आता ही भिंतीकडे का पळते?

बाई गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरल्या. आखूड पायाखाली त्यांची पुठ्ठ्याची घडी होती. आणि तिच्याखाली, कडा कानशीनं घासून गोल केलेली, तळव्याबरोबर तंतोतंत कापलेली, रबराची एक पट्टी होती. घरात असं काम करणारं दुसरं कोण होतं?

त्या टेबलाखालीच बसून हसल्या. या माणसाला सांगायला काय होतं? आणि आपण तरी कुठे सांगितलं? दोघांनी एकच पाय दोनदा उचलला, आणि टेबल जेवढं खिडकीकडे कललेलं होतं तेवढंच भिंतीकडे कललं.

तेवढंच.

हसू जागच्या जागी थांबलं. डावीकडे अंशाचा पाचवा भाग. उजवीकडे अंशाचा पाचवा भाग.

पाणसळ हात पुसत स्वयंपाकघरातून आला तेव्हा बायको टेबलाखाली होती.

“काय गं, काय सांडलं?”

“अहो, जरा खाली बसा.”

तो बसला. गुडघे कुरकुरले.

“मी आज नियम मोडणार आहे,” बाई म्हणाल्या. “घरात कामाचं विचारणार आहे. तळावर, आदल्या दिवशी, तुम्ही बैठकीला हात लावलात?”

त्याचा चेहरा असा उतरला की उत्तराची गरजच राहिली नाही. तरी बाई थांबल्या. तेहतीस वर्षांची नोकरी त्याला स्वतःच्या तोंडानं बोलू द्यायची होती.

“तांब्याची पट्टी घातली,” तो शेवटी म्हणाला. “केसाएवढी. तात्याला चहाला पाठवलं आणि घातली. परत आल्यावर त्यानं नुसते बोल्ट आवळले. त्याला काही माहीत नाही.”

“नोंद?”

“नाही केली.”

“का?”

“डोळा डावीकडे कलला होता. तुझी काच तिरकी बसली होती.”

“माझी काच?”

“मग कुणाची? आणि दुसऱ्या दिवशी सगळे वरचे लोक येणार, तू बोलणार. नऊ वर्षांनी. म्हटलं, माझ्या बैठकीखाली एक पट्टी सरकवली तर कुणाचं काय बिघडतं?” त्यानं पुठ्ठ्याच्या घडीची बाहेर आलेली कड आत सारली. “उजवीकडे गेलं तेव्हा वाटलं, पट्टी कमी पडली नाही, जास्त झाली नाही, मी मोजूनच घातली होती, मग दुसरंच काही बिनसलं. तुझ्याच विभागात. म्हणून गप्प बसलो. आज तात्याचं नाव कळलं. उद्या पट्टीचं सांगणार होतो.”

“माझी काच नाही, तुमची बैठक वाकडी होती,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्या आकड्याची हकिगत सांगितली.

ऐकून पाणसळानं टेबलाच्या पायाखालच्या दोन्ही पट्ट्या बोटानं मोजल्या. मग म्हणाला, “म्हणजे माझ्यासाठी?”

“नाही, शेजाऱ्यांसाठी.”

दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोघांनीही ते गुडघेदुखीच्या खात्यात टाकलं.

खरं भांडण त्यानंतर झालं, आणि ते सव्वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं होतं. पाणसळाचं म्हणणं, सगळं माझ्या नावावर घे. माझे नऊ दिवस उरलेत, माझं कोण काय वाकडं करणार? तुझा आकडा काढूच नकोस. बाईंचं म्हणणं, आकडा माझा, प्रकल्प माझा, पट्टी समुद्राच्या तळाशी आहे, ती कुणी बघायला जात नाही. तुम्ही तुमचं कोरं सेवापुस्तक घेऊन सुखानं घरी बसा.

“मी लिहिलेला नियम आहे तो!”

“म्हणूनच म्हणते, तुम्ही मोडलात हे कळलं तर पोरं ते पान पुन्हा वाचतील का?”

शेवटी तो म्हणाला, “बरं, तुझं खरं.” इतक्या लवकर तो कधी ऐकत नसे. बाईंना तेव्हाच संशय यायला हवा होता.

शुक्रवारी लांब टेबलाच्या एका टोकाला अध्यक्ष बसले होते, चष्मा कपाळावर चढवून. दुसऱ्या टोकाला तात्या, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर. मसुदा वाचून झाला. अध्यक्षांनी विचारलं, “कुणाला काही सांगायचं आहे?”

दोन खुर्च्या एकदम सरकल्या.

“नोंद न करता मी एक बदल केला,” बाई म्हणाल्या.

“नोंद न करता मी एक बदल केला,” पाणसळ त्याच क्षणी म्हणाला, आणि वळून दबक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, “अगं, तू बस ना खाली!”

सव्वीस वर्षांत फाटकाच्या आत पहिल्यांदाच ‘अगं’ झालं होतं. एका तरुण सदस्यानं तोंडावर रुमाल धरला.

बाई बसल्या नाहीत. दोघांनी आपापलं सांगितलं, मधेमधे एकमेकांना दुरुस्त करत. बाईंनी फळ्यावर तीन रेघा काढल्या: मूळ कल, पट्टी, आकडा. आकडे समितीच्या कागदांशी जुळले, शेवटच्या दशांशापर्यंत. कल आला कुठून तेही तासाभरात कळलं. तळाकडे जाताना ट्रक एका खड्ड्यात आदळल्याचं ड्रायव्हरनं इमानदारीत लिहून ठेवलं होतं, फक्त ते पान कुणी उलटलं नव्हतं. मुळात काचही सरळ बसवलेली होती आणि बैठकही.

अध्यक्षांनी चष्मा नाकावर घेतला. “तुम्ही दोघं एका घरात राहता?”

“हो.”

“आणि तीन आठवडे एकमेकांना विचारलं नाहीत?”

“घरी कामाचं बोलायचं नाही, असा नियम आहे, साहेब,” पाणसळ म्हणाला.

“तेवढा एक मोडला नाहीत!”

मग अध्यक्ष गंभीर झाले. तात्यांचं नाव मसुद्यातून त्यांनी स्वतःच्या हातानं खोडलं. कारण सापडलं म्हणजे प्रकल्प बंद करायचं कारण उरलं नाही, तीन महिन्यांनी दुसरी चाचणी घ्या, म्हणाले. बाई प्रमुख राहतील. पण ताशेरा दोघांच्याही सेवापुस्तकात जाईल. पाणसळाच्या तेहतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकात, नऊ दिवस राहिले असताना. त्यानं मान डोलावली. बाईंना ते बघवलं नाही आणि त्यांनी बघितलं. तीन महिन्यांनी चाचणी होईल तेव्हा हा माणूस घरी असेल आणि नियमाप्रमाणे त्याला काही सांगताही येणार नाही, हेही त्यांना तेव्हाच उमगलं.

“तात्या,” पाणसळ म्हणाला, “तुला चहाला पाठवलं ते चुकलंच.”

“चहा बरा होता, साहेब,” तात्या म्हणाले आणि त्यांनी नाक ओढलं.

“आणि नोंदी आज करा,” अध्यक्ष म्हणाले. “उशिरा का होईना. माझ्यासमोर.”

नोंदवही आली. तारीख, बदल, कारण, सही. बाईंनी पहिल्यांदा लिहिलं. कारणाच्या रकान्याशी पेन थबकलं. समिती बसलेली, पान कायमचं राहणारं. मग त्यांनी खरं तेच लिहिलं: ‘सहकाऱ्यावर बोट येऊ नये. त्याला मान खाली घालावी लागलेली मला बघवली नसती.’ सही केली आणि वही सरकवली.

पाणसळानं आधी वही टेबलाच्या कडेला समांतर केली. चष्मा लावला. बायकोची ओळ वाचली. पुन्हा वाचली. तारीख लिहिली, बदल लिहिला: तांब्याची पट्टी, जाडी इतकी. मग कारणाच्या रकान्यात, त्याच मोत्यासारख्या पण त्या दिवशी जराशा तिरक्या गेलेल्या अक्षरात, एकच शब्द लिहिला.

‘वरीलप्रमाणे.’