एक्क्याण्णव आणि ब्याण्णवच्या मध्ये

घरात त्याला सगळे टिकाऊ म्हणत, कारण तो कुठेच टिकत नसे. पहिल्या नोकरीत अकरा दिवस, दुसरीत एक महिना, तिसरीत जेवणाच्या सुट्टीपर्यंत. तिसरी नोकरी गाद्यांच्या दुकानात होती. तिथे तो नमुन्याच्या गादीवर झोपला हे खरं. पण गादी चांगली आहे हे गिऱ्हाइकाला पटवायचा याहून प्रामाणिक मार्ग त्याला सुचला नव्हता.

चौथी नोकरी वाचनालयाच्या बालविभागात लागली आणि इथे भलतंच झालं. ती त्याला आवडली. तो गजराच्या आधी उठू लागला. गोष्ट वाचताना तो ट्रकचा आवाज असा काढी, की खालच्या मजल्यावर पेपर वाचणारे आजोबा खुर्ची बाजूला घेत.

घोटाळा एकच होता. नोकरीच्या अर्जात 'छंद' असा एक चौकोन होता. शेजारच्या उमेदवाराने त्यात 'वाचन' लिहिलेलं टिकाऊने तिरक्या नजरेने पाहिलं. तेच आपण लिहिलं तर कॉपी दिसेल, म्हणून त्याने 'ओरिगामी' लिहून टाकलं. वास्तविक त्याने जन्मात कागदाची एकच वस्तू केली होती. ती होडी होती, आणि ती बुडाली होती.

तीन महिन्यांची उमेदवारी संपायला दहा दिवस उरले असताना ग्रंथपालबाईंनी त्याचा अर्ज काढून पुन्हा वाचला.

"बालविभागाचं छत फार ओकंबोकं दिसतं," बाई म्हणाल्या. "तिथे ड्रॅगन टांगू. कागदाचा, पंखांसकट. शनिवारी अकराला मुलं येतील. तुम्हाला कायम करायचं की कसं, तेही त्याच दिवशी बघून टाकू."

"बाई, साधा पक्षी चालेल का?"

"पक्षी खिडकीतून दिसतात."

टिकाऊने वाचनालयातलंच ओरिगामीचं पुस्तक घरी नेलं. ते अशा भाषेत होतं, की त्यातला पानांचा क्रमांक तेवढा कळत होता. ड्रॅगनच्या एकशे चाळीस पायऱ्या होत्या. पहिला ड्रॅगन अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा झाला, दुसरा नुकत्याच कोसळलेल्या तंबूसारखा. तिसरा बघून आई म्हणाली, "छान झालाय हो बटाटा."

चौथ्या खेपेला तो एक्क्याण्णवपर्यंत पोचला आणि अडकला. एक्क्याण्णवच्या चित्रात एक चपटा पतंग होता. ब्याण्णवच्या चित्रात मान, पोट, शेपूट आणि चार पाय. मध्ये एक बाण. बाकी काय झालं ते लेखकाने स्वतःपाशी ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी, एक्क्याण्णवपर्यंत दुमडलेला तो एकच धड कागद हातात उरलेला असताना, तो आत्याच्या लाँड्रीत गेला. आत्या तीस वर्षं कपड्यांना इस्त्री करत होती. घडी घालण्यात तिचा हात धरणारं घराण्यात कोणी नव्हतं.

"मी शर्टाची घडी घालते," पुस्तकातलं चित्र बघून आत्या म्हणाली. "शर्टाला शेपूट नसतं."

"आत्या, माझी नोकरी आहे गं यात."

"मग गाद्यांच्या दुकानात झोपलास कशाला?"

"तो विषय संपला ना?"

"माझ्याकडून नाही संपला." तिने इस्त्री उभी केली. "ठेव तिथे. ढीग संपला की बघते."

त्याने एक्क्याण्णव पायऱ्यांचा पतंग काउंटरवर ठेवला आणि तो कामावर परत गेला. इथे त्याचं चुकलं. काउंटरवर ठेवलेली वस्तू इस्त्री होऊनच परत जाते, हा त्या दुकानाचा शिरस्ता होता. हातातलं काम सुरू झालं की आत्या कापड बघे, मालक बघत नसे. एकदा समोरच्या वकिलाने क्षणभर टेकवलेलं कुणाचं तरी मृत्युपत्र तिने कडक स्टार्च करून दिलं होतं. वारस खूश होते म्हणे.

पाचला टिकाऊ आला तेव्हा काउंटरवर एक सपाट, चौकोनी, ताठ कागद होता. कोपऱ्याला धोब्याची चिठ्ठी टाचलेली.

"आत्या, हे काय?"

"तुझा कागद. काय अवस्था करून ठेवली होतीस रे! सगळ्या सुरकुत्या काढल्या बघ."

टिकाऊ स्टुलावर बसला. स्टूल तिथे नव्हतं. मग तो जमिनीवरच बसून राहिला, कारण एवीतेवी तिथेच जायचं होतं.

"त्या सुरकुत्या नव्हत्या. तो ड्रॅगन होता."

तीस वर्षांत आत्याने एकही शर्ट जाळला नव्हता. भाच्याचा ड्रॅगन मात्र दोन मिनिटांत सपाट केला होता. तिने कागद उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ डोळे बारीक करून बघितला.

"ऊठ," ती म्हणाली. "गेलं नाहीये काही. इकडे बघ."

कागदभर फिकट रेघांचं जाळं होतं. घातलेली प्रत्येक घडी उजेडात दिसत होती. काही रेघा वर उठलेल्या, काही आत दबलेल्या.

"घडी इस्त्रीने सपाट होते, जात नाही. माणूस कसा बसतो, कुठल्या पायावर भार देतो, ते मला पँटवरून कळतं. हा बघ, इथे दाटी आहे, म्हणजे इथे वाकतो. हे गुडघे. एक, दोन, तीन, चार. ही लांब पट्टी म्हणजे शेपूट. आणि बाजूचे हे दोन पंखे..."

"पंख!"

"तेच म्हणते मी. तू ब्याण्णवला काय करत होतास?"

"एकेक घडी घालत होतो. एक घातली की दुसरी उघडायची."

"उघडणारच! चुण्यांचा झगा कधी एकेक चुणी करून मिटतो का? सगळ्या चुण्या एकदम मिटायच्या असतात. चार हात लागतात. धर."

तिने वाफ सोडली. कागद किंचित मऊ पडला. दोघांनी चार बाजूंनी धरून उठलेल्या रेघा चिमटीत घेतल्या. आत्या म्हणाली, "आता आत. जोर नको, नुसतं सुचव त्याला." आणि ते सगळं जाळं एकाच वेळी, कुरकुरत, आपण होऊन आत गेलं. मधून मान वर आली.

"बोंबला," टिकाऊ हळूच म्हणाला. "हा जिवंत आहे."

"चिमटे लाव, नाहीतर पळेल."

कपडे वाळत घालायचे सतरा चिमटे लावून उरलेल्या पायऱ्या झाल्या. नखं, शिंगं, पंखांच्या शिरा. स्टार्चमुळे ड्रॅगन असा ताठ उभा राहिला, की दुकान बंद करताना आत्याने त्याला आधी वाट दिली. नाकाशी मात्र इस्त्रीचा तपकिरी चटका बसला होता. तिने तो पुसायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. ड्रॅगनच्या नाकाशी भाजल्याची खूण असणं तिला गैर वाटेना.

शनिवारी अकराला मुलांनी वर बघितलं आणि बालविभागात प्रथमच शांतता पसरली. मग एक मुलगी म्हणाली, "याला धुतलेल्या कपड्यांचा वास येतोय."

"सुंदर," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आता मुलांना एक करून दाखवा."

टिकाऊला थाप मारायला जागा होती; हाताला लचक, कागद संपला, काहीही. पण समोर वीस मुलं मांडी घालून बसली होती, आणि त्यांना तो गोष्टीतला ट्रकसुद्धा खरा करून ऐकवत असे.

"मला येत नाही," तो म्हणाला. "अर्जात खोटं लिहिलं होतं. हा माझ्या आत्याने आधी इस्त्रीने सपाट केला, मग कागदावर उरलेल्या रेघा वाचून उभा केला. मी चिमटे लावले आणि दोन हात दिले."

बाईंनी चष्मा काढला. त्याला आत घेऊन गेल्या. कपाटातून एक फार जुना, पिवळा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. छंदाच्या चौकोनात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: पोहणे.

"सव्वीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "अजून कोणी पाण्यात ढकललं नाही. मला सांगायचं धाडसही झालं नाही. तुम्ही वीस जणांसमोर सांगून मोकळे झालात."

"म्हणजे मी..."

"पुढच्या शनिवारी आत्यांना घेऊन या. इस्त्रीसकट. मुलांना असा कागद सपाट असताना बघू दे, सगळ्या रेघांसकट. आणि तुम्ही सोमवारी वेळेवर या. त्यानंतरच्याही."

त्यांनी कायम नोकरीचा अर्ज त्याच्याकडे सरकवला. त्यातही छंदाचा चौकोन होता. बाहेर मुलं छताकडे बघून ट्रकचा आवाज काढत होती. ड्रॅगन कसा ओरडतो ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. टिकाऊने पेन उघडलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: ओरिगामी, आत्याच्या हाताखाली.