चाचणीची प्रत

धाकट्या भावाचा फोटो तिने काळ्या चौकटीत टाकला, तर तो आडवा पसरला. वार्तापत्राच्या मागच्या अंकात तिथे एका निवृत्त मुख्याध्यापकांचा रुंद फोटो होता.

"मेल्या, इथेही सरळ बसत नाहीस," ती पुटपुटली आणि लगेच तिने जीभ चावली.

वाचनालयाची वेबसाइट भावानेच केलेली. तोच साचा त्याने वार्तापत्रालाही वापरला: वर निळी पट्टी, मध्ये नवी पुस्तकं, तळाशी श्रद्धांजली. ती वाचनालयात कारकून. दर महिन्याला घरी बसून मागच्या अंकाची कॉपी घ्यायची आणि जुन्यावर नवं चढवत जायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. "आकडे आधी पूस, ताई," तो बजावायचा. "शब्द चुकले तर लोक हसतात, आकडे चुकले तर फोन करतात."

चालता चालता तो कोसळला, त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून बाबांनी त्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. कुंड्यांना पाणी घालायचे, पानावर येऊन दोन घास खायचे आणि खोलीचं दार लोटून घ्यायचे. ही चौकट छापतेय हे त्यांना सांगायचा तिला धीर होत नव्हता. अंक संध्याकाळी ईमेलने चारशे घरी जाणार होता, आणि त्यातलं एक घर हेच होतं.

त्याच्याबद्दल तिने तीन ओळी लिहिल्या, दोनदा खोडल्या, पुन्हा लिहिल्या. मग सवयीने 'चाचणी'चं बटण दाबलं. चाचणीची प्रत आधी भावाच्या पत्त्यावर जाई आणि तो आतल्या खोलीतून चुका ओरडून सांगे. तो पत्ता बदलायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आतल्या खोलीत त्याचा फोन वाजला.

तो फोन कधीच बंद पडला असेल, असं ती धरून चालली होती. बाबा दारात आले. हातात फोन, त्याला चार्जरची वायर अजून लोंबत होती.

"तुझा अंक आलाय त्याच्याकडे."

"बाबा, मी सांगणारच होते तुम्हाला..."

"वाचला मी. एक चूक आहे."

"कुठे?"

"फोटोखाली. वय एकाहत्तर लिहिलंयस."

तिने पाहिलं. मुख्याध्यापकांचा आकडा तसाच राहिला होता. अडतिसाव्या वर्षी गेलेल्या भावाच्या हसऱ्या तोंडाखाली एकाहत्तर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मागच्याचं राहिलं, बाबा. आत्ता बदलते."

बाबांनी स्टूल ओढलं आणि ते तिच्या शेजारी बसले. चष्मा सदऱ्याला पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. पडद्यावरच्या त्या आकड्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"कितीला पाठवायचाय अंक?"

"सहाला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार झाले होते.

"मग तोवर राहू दे ना त्याला एकाहत्तरचा."